वेलांटी आधी की नंतर?

आमच्या घरात दाराशेजारी चाव्यांचा एक खिळा आहे. त्यावर कपाटाची चावी आहे, गच्चीची आहे, ९ वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरची आहे, आणि शेजाऱ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेली, पण कुठल्या शेजाऱ्यांनी ते आता आठवत नसलेली एक आहे. या सगळ्या चाव्यांत एक कुलूप लटकतं. काड्यापेटीएवढं, राखाडी, एका अंगाला पंचवीस टाचण्या आणि दुसऱ्या अंगाला पंचवीस भोकं. त्याच्या स्क्रूला सुतळी बांधून मी ते टांगलंय. कुणी पाहुण्याने विचारलंच तर ही सांगते, "ते यांचं मराठी आहे."

ते खरंच माझं मराठी आहे. १९९९ साली मी मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं, तेव्हा खोक्यातून एक सीडी, एक पुस्तिका आणि हे प्रकरण निघालं. त्याला डाँगल म्हणतात हे मला फार नंतर कळलं. दुकानदार 'लॉक' म्हणाला होता, म्हणून आमच्याकडे ते कुलूपच राहिलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे जिथे प्रिंटरची वायर लागते तिथे हे खोचायचं, आणि प्रिंटरची वायर याच्या पाठीत खोचायची. सॉफ्टवेअर सुरू झालं की आधी मागे चाचपून बघायचं, कुलूप जागेवर आहे का. असेल तर मराठी, नसेल तर राम राम. म्हणजे सीडीच्या कोणी शंभर नकला काढल्या तरी बिघडत नव्हतं, कुलूप एकच. ते हरवलं तर सॉफ्टवेअर पुन्हा पूर्ण किमतीला घ्यावं लागेल, अशी पुस्तिकेत चौकटीतली सूचना होती, आणि ती किंमत आमच्या लेकीच्या बारशाच्या खर्चाहून जास्त होती. त्या हिशेबाने मी दोघांनाही जपलं. लेक एकदा गणपतीच्या गर्दीत अर्धा तास हरवली होती. कुलूप कधीच हरवलं नाही.

दर दसऱ्याला पाटावर विळी, सुरी, हातोडी, स्कूटरची चावी यांच्या रांगेत ते बसायचं. झेंडूचं फूल, हळद, कुंकू. पूजा ही करते आणि तिचा हात सढळ आहे. पंचवीस भोकांपैकी तीन भोकांत कुंकू कायमचं बसलं. ते पुढे महागात पडणार असं मला वाटायचं, पण लक्ष्मीला नावं कशाला ठेवा.

गेल्या आषाढात जुना कॉम्प्युटर गेला. बाहेर साताऱ्याचा पाऊस, आत मी दिवाळी अंकाच्या लेखाच्या तिसऱ्या पानावर, आणि डब्यातून फटाक्याची वात विझावी तसा 'फुस्स' आवाज आला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने झाकण उघडून आतली फुगलेली कपॅसिटरं दाखवली आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेला." त्याने ते इतक्या गांभीर्याने सांगितलं, की वय काय होतं, असं मी विचारणार होतो. हार्ड डिस्क तेवढी शाबूत होती. ती त्याने फडक्यात गुंडाळून अस्थींसारखी माझ्या हातात दिली.

लेकीने पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला. विंडोज ११, वजन भाताच्या एका पातेल्याएवढं, जाडी शाळेच्या पाटीएवढी. मी तो चारही बाजूंनी फिरवून बघितला. सीडी घालायला फट नव्हती. डाव्या बाजूला दोन चपटी भोकं, उजव्या बाजूला एक गोल. एकीकडे पंचवीस टाचण्यांचं स्थळ, दुसरीकडे तीन भोकांचा मुलगा. पत्रिका जुळण्याचा प्रश्नच नव्हता.

आता इथे प्रत्येक जण मला एकच गोष्ट सांगतो, आणि ती पथ्य सांगितल्याच्या सुरात सांगतो: "युनिकोडमध्ये टाइप करा ना!" जणू आजवर मी मुद्दामच केलं नव्हतं. नव्या विंडोजमध्ये मराठीचे कळफलक आधीपासूनच असतात, दोन टिचक्या मारल्या की चालू होतात, पैसे पडत नाहीत, कुलूप लागत नाही. सगळं खरं आहे. पण माझा प्रश्न पैशाचा नाही. माझा प्रश्न ह्रस्व वेलांटीचा आहे.

१९८४ साली मी राजवाड्याजवळच्या एका टायपिंग क्लासला जायचो. लांबट खोली, दोन रांगांत मिळून चौदा मशीनं, रेमिंग्टन पद्धतीचा मराठी कळफलक, आणि कळांवर बोटं दिसू नयेत म्हणून लाकडी झाकण. मिनिटाला ३० शब्दांची सरकारी परीक्षा द्यायची होती. सरांच्या हातात लाकडी पट्टी असे आणि तोंडात एकच मंत्र: डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी मारायचं. 'किती' या शब्दात सगळ्यांत आधी काय दिसतं? वेलांटी. मग आधी वेलांटी मारा, मग क. टाइपरायटरचा गाडा उजवीकडून डावीकडे सरकतो, त्याला मागे जाऊन क च्या आधी वेलांटी ठेवायला सवड नसते. रफार याच्या बरोबर उलट. 'धर्म' मध्ये रफार म च्या डोक्यावर बसतो, म्हणून आधी ध, मग म, आणि मग त्याच्या डोक्यावर रफार. वेलांटी लग्नघरी आदल्या दिवशी येऊन बसणाऱ्या आत्यासारखी, आणि रफार अक्षता पडल्यावर उगवणाऱ्या काकांसारखा. भ, ण, श, ष यांचं तर आणखी निराळं. त्यांची कळ मारली की अर्धंच अक्षर यायचं. मग शेजारी काना मारला की अक्षर पुरं व्हायचं. म्हणजे 'भाषण' या तीन अक्षरी शब्दात मी काना चार वेळा मारायचो. मराठीतली निम्मी भाषणं टायपिस्टाने नुसत्या काठ्या मारून उभी केलेली आहेत, हे वक्त्यांना माहीत नसतं.

(हिशेब करून बघणाऱ्यांसाठी: भ चा एक, भा चा दुसरा, ष चा तिसरा, ण चा चौथा.)

पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पण माझ्या सॉफ्टवेअरने मशीनचीच सवय पुढे चालवली. तीच कळ, तोच क्रम. फरक एवढाच, की शाई हाताला लागायची बंद झाली. ही सोय ज्या युक्तीने केली होती ती मात्र कळली तेव्हा मी जरा हादरलो. पडद्यावर मराठी दिसत असलं तरी आत मराठी नव्हतंच. आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि त्यांचे परदेशी सोयरे. फाँटने फक्त त्यांना मराठीचे मुखवटे घातलेले. दशावतारात राजाचा मुकुट काढला की आत गावातला सुतार निघतो, तसं. जुन्या हार्ड डिस्कवरचे माझे पंचवीस वर्षांचे लेख भाच्याने नव्या लॅपटॉपवर उघडले, तेव्हा फाँट नसल्यामुळे मुखवटे उतरले आणि पानभर टोप्या घातलेले ए, डोक्यावर दोन टिंबं वागवणारे यू, पौंडाची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं यांची जत्रा भरली. ही चष्मा सारखा करत पुढे वाकली आणि म्हणाली, "यातला विनोद कुठला?" तो तिला पूर्वीही सापडायचा नाही.

फाँटची फाइल मात्र नव्या विंडोजवर बिनतक्रार बसली आणि सगळे लेख पुन्हा माणसांत आले. म्हणजे वाचायला परवानगी, लिहायला मनाई. सरकारी गॅझेटसारखं.

वेलांटी नंतर कधीपासून येऊ लागली, याचा मी शोध घेतला, कारण शत्रू कोण हे माहीत असलेलं बरं. तर शत्रू भले लोक निघाले. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम झालं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं, आणि १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' नावाचा कळफलक प्रमाण म्हणून ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. के च्या कळीवर क. आणि तो क फक्त मराठीचा नव्हे; बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड, जी लिपी घ्याल तिचा क त्याच कळीवर. एक कळफलक शिकलात की निम्मा देश टाइप करता येतो. इतकी सुंदर कल्पना, की तिच्याविरुद्ध बोलायला मला लाज वाटते. तरी बोलतो. या मंडळींनी ठरवलं, की अक्षरं दिसतात तशी नव्हे, उच्चारतात तशी साठवायची. 'कि' म्हणताना तोंडातून आधी क निघतो, मग इ. म्हणून आधी क, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेऊन बसवायचं काम कॉम्प्युटर करेल. १९९१ साली या साठवणीचं भारतीय प्रमाण ठरलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिनेही देवनागरीची मांडणी याच घराण्यातून उचलली. विंडोज २००० पासून घरच्या कॉम्प्युटरला ही कला येऊ लागली. मी त्याच्या आदल्याच वर्षी कुलूप विकत घेतलं होतं. शेअर बाजारातही माझी वेळ अशीच अचूक असते.

तर त्यांचं म्हणणं कानाचं आणि आमच्या सरांचं डोळ्याचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधल्यामध्ये माझी बोटं.

युनिकोडचा कळफलक लावून मी संपादकांना पहिलं पत्र लिहिलं. कळांच्या जागा बदलल्या होत्या म्हणून एकेक अक्षर शोधत होतो, पण क्रम बोटांत मुरलेला, तो काही बदलेना. मी 'कविता' लिहिलं. सवयीने क, मग वेलांटी, मग व. पडद्यावर उमटलं 'किवता'. वेलांटीने समोर जो क दिसला त्याचाच हात धरला होता. 'नागरिक' चा 'नागिरक' झाला. त्यात निदान नाग तरी होता. 'रविवार' चा 'रिववार', 'गणित' चं 'गिणत', 'वहिनी' ची 'विहनी'. आणि शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी आली तर तिला हात धरायला कोणीच नसे. मग कॉम्प्युटर तिच्यासाठी ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढून देई आणि ती त्याच्या कडेला अनाथासारखी उभी राही. माझं ते पत्र एका पानाचं होतं. त्यात सतरा वर्तुळं होती. ही म्हणाली, "पत्र आहे की रांगोळी?"

तिला बोलायला काय जातंय. ती जिल्हा परिषदेतून निवृत्त झाली, तिथे शेवटची काही वर्षं तिने इनस्क्रिप्टवरच काढली. तिच्या मते यात शिकण्यासारखं काही नाहीच. "जसं बोलतो तसं मारायचं." गेली चौतीस वर्षं ती जसं बोलते तसंच मारते, हे मी मनात म्हणालो.

मग मी ठरवलं, की जग बदलण्यापेक्षा जुनं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालवणं सोपं. या वाक्यावर पुढचे सहा आठवडे आणि एक पुणे फेरी खर्ची पडली.

आधी बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्ह आणला. सीडी फिरली, लॅपटॉप थोडा कण्हला आणि निवांतपणे म्हणाला, की हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. भाच्याने कारण सांगितलं. तो बंगळुरूला काय करतो ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही, पण अशा वेळी घरातले सगळे त्यालाच व्हिडिओ कॉल लावतात. "मामा, तुझं सॉफ्टवेअर ३२ बिटांचं आहे, ते एक वेळ चालेल. पण ते बसवणारा जो प्रोग्रॅम आहे ना सीडीवर, तो १६ बिटांचा आहे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचं काहीच चालत नाही. आणि विंडोज ११ ६४ बिटांखेरीज मिळतच नाही." म्हणजे नवरा मुलगा मांडवात यायला तयार होता, पण त्याला आणणारी बैलगाडी हायवेवर सोडत नव्हते.

मग नवऱ्याला चालत आणायचं ठरलं. जुन्या हार्ड डिस्कवरून सॉफ्टवेअरचं सगळं फोल्डर उचलून नव्यावर टाकलं, आणि भाच्याने सांगितल्याप्रमाणे त्याच्या गुणधर्मांत जाऊन 'विंडोज एक्सपी असल्यासारखं वाग' अशी खूण केली. हा प्रकार मला फार आवडला. घरी ज्येष्ठ मंडळी आली की आपण नाही का टीव्हीचा आवाज कमी करून, पाय खाली घेऊन, जुन्या काळात असल्यासारखं वागतो? विंडोजलाही ते जमतं. आणि खरंच, निळ्या पट्टीची ती ओळखीची खिडकी उघडली. माझा गळा दाटून आला. मग खिडकीने विचारलं: कुलूप कुठे आहे?

कुलपासाठी मी पुण्याला गेलो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, पाण्याच्या पंपाच्या दुकानांमधून वाट काढत, एका काउंटरवर मी पिशवीतून कुलूप काढून ठेवलं. दुकानातला मुलगा विशीतला. त्याने ते उलटंपालटं केलं, हुंगलं आणि विचारलं, "काका, याला कुंकू का?" मी म्हटलं, दसरा. त्याने मान डोलावली; त्याच्याही दुकानात सोल्डरिंगच्या बंदुकीला वाळका झेंडू होताच. त्याने एका टोकाला चपटी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस भोकं अशी वायर दिली, पण विकताना प्रामाणिकपणे सांगितलं, की ही प्रिंटरसाठी आहे, कुलूप चालेलच असं नाही. ते बरोबर होतं. जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीवरचं ते पोर्ट एका ठरलेल्या पत्त्यावर राहायचं आणि सॉफ्टवेअर थेट त्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवायचं. ही वायर विंडोजला फक्त 'माझ्याकडे एक प्रिंटर आहे' असं सांगते; त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. माझं सॉफ्टवेअर जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरखाली जाऊन 'आहेत का घरात?' अशा हाका मारत होतं.

शिवाय कुलपाचा ड्रायव्हर नावाचा एक वेगळाच मधला माणूस होता. ६४ बिटांच्या विंडोजला असल्या माणसाच्या कागदावर डिजिटल सही लागते. १९९९ च्या माणसाकडे ती कुठून असणार? माझ्याकडे राजपत्रित अधिकाऱ्याची सही असलेल्या गुणपत्रिकेच्या अकरा प्रती अजून आहेत, पण त्या इथे चालेनात. सही तपासू नको, असं विंडोजला सांगायची सोय आहे; कॉम्प्युटर एका खास पद्धतीने बंद करून चालू करायचा आणि यादीतला सातवा पर्याय निवडायचा. ती सवलत पुढच्या वेळी चालू करेपर्यंतच टिकते. मी रोज सकाळी अंघोळीनंतर सात दाबू लागलो. तरी ३२ बिटांचा तो ड्रायव्हर आत येईना. कुलूपही सापडेना. आठव्या दिवशी मी सात दाबायचं सोडलं.

शेवटी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाच फोन केला. नाव सांगत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांनीही संसार केले, मुलंबाळं मोठी केली. फोनवरच्या मुलीने अनुक्रमांक विचारला, तो मी पुस्तिकेतून वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती अतिशय मऊ आवाजात म्हणाली, "सर, हे एंड ऑफ लाइफ झालंय."

"कोण?" मी विचारलं.

"तुमचं, सर."

आता उरला एकच दरवाजा: कोर्टासमोरचे टायपिस्ट काका. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, हरवल्याच्या जाहिराती. त्यांच्या टपरीत चार कॉम्प्युटर आहेत, चारही विंडोज एक्सपीचे. एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्ये बंद झाला, पण ती बातमी या टपरीत पोहोचायला इंटरनेट लागलं असतं, आणि ते काकांनी कधी घेतलंच नाही. चारही मशीनांच्या पाठीला चार राखाडी कुलपं. एकालाही व्हायरस नाही, एकालाही अपडेट नाही, पावसाळ्यात प्लास्टिक पांघरून स्टुलावर बसलेली चार म्हातारी माणसं. काकांनी माझं कुलूप हातात घेतलं, तर्जनीने कुंकू पुसलं, ओल्ड स्पाइसच्या बाटलीतलं काहीतरी कापसाला लावून भोकं साफ केली आणि एका मशीनला खोचलं. लागलं! तीन भोकांतल्या कुंकवाने काही बिघडलेलं नव्हतं. मी उगीच इतकी वर्षं हिच्याकडे संशयाने बघत होतो.

त्या टपरीत बसून, डावीकडे वारसनोंद आणि उजवीकडे घटस्फोट चालू असताना, मी दिवाळीचा विनोदी लेख पुरा केला. वेलांटी आधी, रफार नंतर, बोटं वाऱ्यावर. मिनिटाला ३० काय, ४५ शब्द पडले असतील. एका पक्षकाराने मला वकील समजून नमस्कारही केला.

पण संपादकांना लेख युनिकोडमध्येच हवा होता. मुखवट्यांचं मराठी खऱ्या मराठीत बदलून देणारे प्रोग्रॅम असतात. भाच्याने त्यातल्या एकातून लेख काढला. नव्वद टक्के उत्तम आला. उरलेल्या दहा टक्क्यांत अर्धा र होता. मराठीला दोन प्रकारचे अर्धे र लागतात हे मराठी माणसाखेरीज कोणाला फारसं पटत नाही. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं आणि आचाऱ्यांना बोलावलं तर जिलबी. त्या प्रोग्रॅमला हा फरक ठाऊक नव्हता. त्याने सगळ्यांना रफार देऊन टाकला. माझ्या लेखात एका लग्नात आचाऱ्यांनी मठ्ठा खारट केल्याचा प्रसंग होता. संपादकांचा फोन आला: "साहेब, आचार्यांविषयी असं लिहिलंत तर अंक जाळतील हो." इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे मारला की तो दुसरा ऱ सरळ मिळतो, हे मी तिथे मान्य केलं. शत्रूचंही चांगलं असेल ते चांगलं म्हणावं.

गणपतीत भाचा साताऱ्याला आला तेव्हा त्याने हे प्रकरण मनावर घेतलं. उकडीच्या मोदकांच्या बोलीवर. तो म्हणाला, "मामा, कळांच्या जागा बदलणं सोपं आहे. मायक्रोसॉफ्टचंच कळफलक बनवायचं एक फुकट साधन आहे." ते साधन विस्टाच्या जमान्यातलं निघालं आणि चालायला त्याहून जुना एक तुकडा मागू लागलं, जो नव्या विंडोजमध्ये आतल्या खोलीत बंद ठेवलेला असतो. म्हणजे सपोर्ट गेलेलं सॉफ्टवेअर चालावं म्हणून आम्ही दुसरं म्हातारं सॉफ्टवेअर उठवून बसवलं. ते उठलं. दीड तासात रेमिंग्टनची प्रत्येक कळ जुन्या जागी आली.

"आणि वेलांटी?"

"तिथेच गोची आहे. कळफलक म्हणजे नुसती यादी असते. ही कळ, हे अक्षर. तो थांबून वाट बघू शकत नाही. वेलांटी दाबली की ती लगेच जाऊन पडणार. तिला कोणीतरी मधे धरून ठेवायला पाहिजे, पुढचं व्यंजन येईपर्यंत."

मला अंतरपाट धरणारे दोघे मामा आठवले. वेलांटी अलीकडे उभी, व्यंजन अजून बोहल्यावर यायचंय, 'शुभमंगल सावधान' होईपर्यंत पाट खाली सोडायचा नाही. मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, हो, अगदी असाच प्रोग्रॅम लिहावा लागेल. त्याने तो लिहिलाही, रात्री आरतीनंतर, एका बैठकीत. जोडाक्षरासाठी अर्धं अक्षर आलं तर आणखी थांबायचं, जागा सोडली तर पाट खाली सोडायचा, अशी सगळी बारीक कलमं त्यात घातली. चाचणीला त्याने मला शब्द विचारला. मी 'स्थितप्रज्ञ' दिला. वेलांटी आधी मारली, पडद्यावर काहीच दिसलं नाही, माझा श्वास अडकला, मग अर्धा स आला, मग थ, आणि वेलांटी उडी मारून अचूक त्यांच्या डावीकडे जाऊन बसली. मी टाळी वाजवली. ही म्हणाली, "हळू, गणपती झोपलेत."

जवळजवळ महिनाभर मी सुखात होतो. कुलूप खिळ्यावर गेलं. अडचण एकच राहिली होती, आणि ती माझ्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, कारण ती माझी नव्हतीच. भाच्याचा तो अंतरपाट धरणारा प्रोग्रॅम लॅपटॉप चालू झाला की आपोआप उभा राहतो. आणि कुठल्या कळफलकावरून वेलांटी आली हे तो बघत नाही. आली वेलांटी की धर. दसऱ्याच्या आधी हिने त्याच लॅपटॉपवर, आपल्या इनस्क्रिप्टवर, जिल्हा परिषदेच्या शिस्तीत, व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर अशा पद्धतीने, चष्मा आत राहिलेला असल्यामुळे पडद्याकडे न बघता, भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण पाठवलं. प्रोग्रॅमने तिची प्रत्येक वेलांटी मानाने धरून ठेवली आणि पुढच्या अक्षराशी लावून दिली.

ग्रुपवर सोळा बायका आहेत. 'रविवार' चं जे झालं होतं ते मी इथे लिहू शकत नाही, कॉम्प्युटरच लिहू देत नाही. पुढे होतं: 'आमच्याकडे मसिळ. सर्वांनी उपस्थति राहावे.' ही चष्मा घालून ते वाचेपर्यंत पहिलं उत्तर आलंही होतं.

"मसिळ कुठली गं? कोल्हापुरी असेल तर मी येते, पुणेरी असेल तर मला बरं नाहीये."